हजर कोण? – पायथॉनची वेगळी चूल आणि तिची मांडणी



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या ह्या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा आनंदापेक्षा संकोच अधिक वाटला. ज्या इमारतीत मागच्या बाकावर बसून वेळ काढला, तेथेच उभे राहून आपणांस चार गोष्टी सांगाव्यात, हा अधिकार नुसत्या वयाने येत नाही. शिवाय मी निवडलेला विषय इतका लहान आहे, की संयोजकांनी दूरध्वनीवर दोनदा खात्री करून घेतली. पायथॉन ही संगणकाची भाषा शिकणारा विद्यार्थी पहिली ओळ लिहिण्यापूर्वी जी मांडामांड करतो, ती का फसते आणि फसल्यावर दोष कोठे शोधावा, एवढाच आजचा विषय आहे.

लहान विषय निवडण्यास कारण आहे. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली आपला वेगळा जिल्हा झाला. तरी पुढील शिक्षणासाठी आपली बरीच मुले पूर्वीप्रमाणेच नागपूरची गाडी धरतात. घरात मराठी, बाजारात मराठी आणि हिंदी दोन्ही, कचेरीत हिंदी, अशा तीन पायऱ्या चढून ही मुले संगणकासमोर बसतात आणि तेथे त्यांना तक्रार ऐकू येते ती इंग्रजीतून. ती तक्रार यंत्राची आहे, आपल्या बुद्धीवरचा अभिप्राय नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ज्यांना गणित येत होते, तर्क येत होता, अशी मुले केवळ ही मांडामांड जमली नाही म्हणून "हे आपले काम नव्हे" असा निर्णय करून मोकळी झालेली मी पाहिली आहेत. पायथॉन आज एनसीईआरटीच्या अकरावीच्या संगणकशास्त्राच्या पुस्तकात आहे; म्हणजे हा प्रसंग वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षीच येऊ लागला आहे.

गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. पण आज मला त्यांची हजेरी आठवते. वर्गात माझ्या नावाचे आम्ही तिघे होतो. गुरुजी नाव पुकारीत आणि तिघांपैकी जो पुढच्या बाकावर असे त्याचा "हजर" आधी उमटे. गुरुजी मान वर न करता विचारीत, "कोणता?" एकदा सहामाहीनंतर माझ्या वडिलांच्या हाती दुसऱ्याचे प्रगतिपुस्तक पडले. त्यातले गणिताचे गुण माझ्या गुणांहून बरे असल्यामुळे ती चूक दुरुस्त करण्याची घाई मी केली नाही. गुरुजींनी ते हेरले. ते रागावले नाहीत. "नाव तेच होतं, पण माणूस तो नव्हता," इतकेच म्हणाले. पुढे पंचवीस-तीस वर्षे मी जे काम केले, त्यातील निम्म्या अडचणींचे निदान ह्या एका वाक्यात मावते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. संगणकावर जी काळी खिडकी उघडून आपण आज्ञा लिहितो, तिच्यात आपली ओळ वाचणाऱ्या प्रोग्रामला 'शेल' म्हणतात. हा शेल म्हणजे हजेरी घेणारा. आपण 'पायथॉन' असा शब्द लिहिला, तरी त्या नावाचा प्रोग्राम कोठे राहतो हे त्याला ठाऊक नसते. त्याच्याजवळ 'पाथ' नावाची एक यादी असते. तिच्यात फोल्डरांची नावे एकापुढे एक लिहिलेली असतात. लिनक्सवर मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके, विंडोजवर अर्धविराम. शेल यादीच्या आरंभापासून निघतो, पहिल्या फोल्डरात डोकावतो, तेथे त्या नावाचा प्रोग्राम नसेल तर दुसऱ्यात पाहतो, आणि जेथे प्रथम सापडेल तेथे थांबून त्यालाच काम सोपवितो. पुढे त्याच नावाचे आणखी दोघे बसलेले असतील, त्यांची तो चौकशी करीत नाही. यादीतील एखादे फोल्डर मुळात अस्तित्वातच नसेल, तर त्याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. मुकाट्याने पुढे जातो. हे शेवटचे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एकाच नावाचे अनेक पायथॉन एका संगणकावर असणे ही नित्याची गोष्ट आहे. १९९१ साली गिदो व्हान रोसम ह्या डच गृहस्थांनी ही भाषा प्रथम जगापुढे ठेवली. तिचे नाव सापावरून नव्हे, तर 'मॉन्टी पायथॉन' ह्या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून घेतलेले आहे. आज लिनक्सबरोबर एक पायथॉन येतो, तो त्या प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी असतो. विद्यार्थी दुसरा उतरवून घेतो. कोणी 'ॲनाकोंडा' नावाचा संच बसविला, की तिसरा येतो. तिघेही आपापल्या जागी निर्दोष असतात.

भांडण सुरू होते ते पॅकेजांवरून. पायथॉनमध्ये दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार साहित्य आपण 'पिप' ह्या साधनाने आणून बसवितो. अडचण अशी, की एका पायथॉनच्या कोठारात एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. जुन्या कामाला जुनी आवृत्ती हवी, नव्याला नवी. एकासाठी बदल केला की दुसरे रुसते. ह्यावरील उपाय म्हणजे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र कोठार. इंग्रजीत त्याला 'व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट' असे जड नाव आहे. मी त्याला वेगळी चूल म्हणतो. आपल्याकडे वेगळी चूल ही भांडण झाल्यावर मांडतात, संगणकात ती भांडणापूर्वी मांडावयाची, एवढा फरक.

ही गोष्ट मी फार उशिरा शिकलो आणि ती शिकताना एका कचेरीचा दीड दिवस खर्ची घातला. २००९ साल असावे. तेथील मुख्य संगणकावर सेंटओएस ह्या प्रणालीची पाचवी आवृत्ती होती आणि तिच्याबरोबर पायथॉन २.४ आलेला होता. मला २.६ हवा होता. मी तो बसविला, येथवर ठीक. परंतु नंतर उत्साहाच्या भरात 'पायथॉन' हे नाव जुन्याकडून काढून नव्याला दिले. त्या प्रणालीत नवे प्रोग्राम आणण्याचे आणि जुने अद्ययावत करण्याचे जे साधन होते, ते स्वतःच पायथॉनमध्ये लिहिलेले होते आणि २.४ च्या भरवशावर चालत होते. दुसऱ्या दिवशी ते उठेना. त्या साधनाचे नाव 'यम' होते. इंग्रजीत ते 'येलोडॉग अपडेटर मॉडिफाइड' ह्या शब्दांची आद्याक्षरे आहेत; पण त्या दिवशी मला मराठी अर्थच जवळचा वाटला. दुःखाची गोष्ट अशी, की इयन बिकिंग ह्यांनी 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे वेगळी चूल मांडण्याचे साधन २००७ सालीच तयार करून ठेवले होते. माझ्या अज्ञानाखेरीज त्या दीड दिवसाला दुसरे कारण नव्हते.

पुढे २०१२ मध्ये पायथॉनच्या ३.३ ह्या आवृत्तीत 'व्हेन्व्ह' नावाने ही सोय भाषेतच आली, आणि २०१४ च्या ३.४ पासून चूल मांडताच तिच्यात पिपही आपोआप येऊ लागला. अलीकडे डेबियन आणि उबुंटू ह्या लिनक्स प्रणालींनी आणखी एक पाऊल टाकले आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीपासून प्रणालीच्या पायथॉनमध्ये पिपने काही बसवू गेल्यास नकार मिळतो. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' असे शब्द येतात. विद्यार्थ्यांना वाटते, संगणकाला कोणी कुलूप घातले. वस्तुतः मी कचेरीत जो पराक्रम केला, तो इतरांच्या हातून घडू नये म्हणून घातलेले ते कुंपण आहे. "हे कोठार प्रणालीचे आहे, तू तुझी चूल मांड," एवढेच तो निरोप सांगतो.

चूल मांडण्याची आज्ञा एका ओळीची आहे. 'पायथॉन-थ्री' हे नाव, पुढे 'डॅश एम', पुढे 'व्हेन्व्ह' आणि शेवटी जे फोल्डर तयार व्हावयाचे त्याचे नाव. बहुतेक लोक ते 'डॉट व्हेन्व्ह' असे ठेवतात. उबुंटूवर कित्येकदा येथेच पहिली ठेच लागते. 'एन्शुअरपिप' उपलब्ध नाही, अशी तक्रार येते. कारण त्या प्रणालीने हा भाग वेगळ्या पॅकेजात ठेवला आहे. कोणते पॅकेज आणावे, तेही त्या निरोपातच लिहिलेले असते. परंतु पहिली ओळ लाल दिसली की पाचवी ओळ कोणी वाचत नाही. ते पॅकेज आणल्यावर अर्धवट झालेले फोल्डर पुसून आज्ञा पुन्हा द्यावी, म्हणजे काम होते.

ह्यानंतर चूल पेटवावयाची, म्हणजे 'ॲक्टिव्हेट' करावयाचे. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण ह्या क्रियेविषयी गूढ समज फार आहेत. त्या फोल्डरात 'बिन' नावाचे एक फोल्डर असते आणि त्यात 'ॲक्टिव्हेट' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. ती उघडून वाचता येते; अवश्य वाचावी. ती करते काय? आपल्या चुलीचे 'बिन' फोल्डर 'पाथ'च्या यादीत सर्वांत पुढे नेऊन बसविते. 'व्हर्च्युअल-एन्व्ह' नावाची एक नोंद करून ठेवते. आणि काळ्या खिडकीतील ओळीच्या आधी चुलीचे नाव कंसात दाखविते. ह्यापलीकडे महत्त्वाचे असे काही नाही. आमच्या वर्गातला एक जण पुढच्या बाकावर आणून बसविला, एवढीच ही क्रिया.

मग ती फसते कशी? पुष्कळ विद्यार्थी ही फाइल एखाद्या प्रोग्रामासारखी चालवू पाहतात. प्रथम 'पर्मिशन डिनाइड' येते. मग कोणीतरी सुचविते, की आधी 'बॅश' लिहून पाहा. तसे केल्यावर काहीच तक्रार येत नाही आणि काहीच घडतही नाही. ह्याचे कारण असे, की शेल जेव्हा दुसरा प्रोग्राम चालवितो तेव्हा आपल्या नोंदींची एक प्रत त्याला देतो. तो प्रोग्राम त्या प्रतीत हवे ते बदल करो, काम संपले की प्रत फाडली जाते. मूळ नोंदवही जशीच्या तशी राहते. अर्जाच्या झेरॉक्स प्रतीवर दुरुस्ती करून मूळ अर्ज तसाच कचेरीत दिल्यासारखे हे होते. म्हणून ॲक्टिव्हेटच्या आधी 'सोर्स' हा शब्द किंवा नुसते टिंब लिहावे लागते. त्याचा अर्थ, "ह्या ओळी दुसऱ्याकडून करवून घेऊ नकोस, तू स्वतः वाच आणि तुझ्याच वहीत लिही."

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारच्या घरातील एक मुलगी, ह्याच शाळेतून शिकून गेलेली, नागपूरला संगणकाचा अभ्यासक्रम करीत आहे. तिने कापसाच्या बाजारभावांवर एक छोटा प्रकल्प केला होता. तो दुसऱ्या दिवशी दाखवावयाचा, आणि रात्री दहाच्या पुढे तिचा दूरध्वनी आला.

"काकाजी, माह्याच्यानं होत नाही जी. काल चालत होतं, आज पँडासच नाही म्हणते."

पँडास हे आकडेवारीच्या कामाचे पॅकेज आहे. मी विचारले, "काय बदललं?" ती म्हणाली, "काहीच नाही बदललं." हे उत्तर प्रत्येक जण देतो, मीही दिले असते. तिची हकीकत अशी. चूल तिने नीट पेटविली होती. कंसातले नाव दिसत होते. 'पायथॉन' लिहिले, तर 'कमांड नॉट फाउंड' आले, आणि त्याबरोबर "तुम्हांला पायथॉन-थ्री म्हणावयाचे आहे काय?" अशी सूचना. तिने ती मानली. पायथॉन-थ्री चालला, पण 'नो मॉड्यूल नेम्ड पँडास' म्हणू लागला. पिपने पँडास पुन्हा बसवू गेली, तर ते मघाचे कुंपण आडवे आले. त्या निरोपाच्या शेवटी एक पर्याय दिलेला असतो, त्याचे नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. मैत्रिणीने तोच वापरण्यास सांगितले होते. नावातच परिणाम सांगणारी अशी प्रामाणिक गोष्ट संगणकात क्वचित आढळते. मी तिला थांबविले.

तिच्या हाती चार लक्षणे होती आणि ती त्यांना चार आजार समजत होती. मी म्हटले, आधी आपण हजेरी घेऊ. 'व्हिच पायथॉन-थ्री' असे लिही. उत्तर आले, 'यूएसआर बिन पायथॉन-थ्री'. म्हणजे हजर म्हणणारा प्रणालीचा पायथॉन होता, तिचा नव्हता. नाव तेच, माणूस तो नव्हे. आता 'व्हर्च्युअल-एन्व्ह'ची नोंद छापून घे, म्हटले. तिने छापली आणि क्षणभर थांबून म्हणाली, "काकाजी, हे तं जुनं नाव आहे."

कॉलेजने प्रकल्पाच्या फोल्डरास हजेरी क्रमांकासह नाव देण्यास सांगितले होते. तिने संध्याकाळी ते बदलले होते. तिच्या मते ह्याला बदल म्हणत नाहीत, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु ॲक्टिव्हेटच्या फाइलीत चुलीचा संपूर्ण पत्ता, ती मांडली त्या क्षणीचा, अक्षरशः लिहून ठेवलेला असतो. फोल्डराचे नाव बदलले तरी आतला तो पत्ता बदलत नाही. तिने चूल पेटविली तेव्हा यादीत सर्वांत पुढे जाऊन बसले ते आता अस्तित्वात नसलेले फोल्डर. आणि मघाशी मी ध्यानात ठेवावयास सांगितले होते: शेलला यादीतील फोल्डर सापडले नाही, तर तो काही बोलत नाही. कंसातले नाव मात्र डौलाने दिसत राहिले, कारण ते नुसते लिहिलेले नाव आहे, कोणी तपासून दिलेला दाखला नव्हे.

तिला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले ते पुढच्या गोष्टीचे. मी तिला ॲक्टिव्हेट वगैरे बाजूला ठेवून, चुलीतल्या 'बिन'मधील पायथॉनचा पत्ता पुरा लिहून तोच थेट चालविण्यास सांगितले. पँडास होते. कोठेही गेले नव्हते. पायथॉन स्वतः कोठून चालला हे पाहून आपले कोठार जवळपास शोधतो, त्यामुळे फोल्डराचे नाव बदलल्याने त्याचे काही बिघडत नाही. बिघडलेली होती ती दारावरची पाटी. त्या रात्री एवढ्यानेही तिचा प्रकल्प चालला असता. तरी पिपचेही तसेच होते. त्याच्या पहिल्या ओळीत जुन्या पत्त्यावरच्या पायथॉनचे नाव कोरलेले असते आणि तो 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून अडून बसतो. म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. त्याच पायथॉनकडून 'डॅश एम पिप फ्रीझ' ह्या आज्ञेने पॅकेजांची आवृत्तींसह यादी 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या फाइलीत लिहून घेतली, जुने फोल्डर पुसले, नव्या जागी नवी चूल मांडली आणि यादीवरून सारे पुन्हा बसविले. पिप एकदा उतरविलेल्या वस्तू सांभाळून ठेवतो, त्यामुळे मोबाइलच्या जोडणीवरही फार वेळ लागला नाही.

चूल पुसून पुन्हा मांडली, हे ऐकून काहींना ती हार वाटेल. येथे माझा चुलीचा दृष्टान्त अपुरा पडतो, हे कबूल करून दुसरा घेतो, आणि तो पांढुर्ण्यात सांगण्यास मला संकोच नाही. आपल्या बागेतील संत्र्याचे झाड हे एक झाड नसते. खाली खुंट जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा, आणि वर डोळा भरलेला नागपुरी संत्र्याचा. वरुड, शेंदुर्जनाघाटकडच्या रोपवाटिकांतून आपण कलमे आणतो तेव्हा फळ कसे येईल हे डोळ्यावरून ठरते, पण झाड कसे जगेल हे पुष्कळसे खुंटावरून. पायथॉनची चूल नेमकी अशी आहे. तिच्यात पॅकेजे स्वतःची असतात, पायथॉन मात्र पुरता स्वतःचा नसतो. लिनक्सवर 'बिन'मधला पायथॉन हा बहुधा मूळ पायथॉनकडे बोट दाखविणारा दुवा असतो. त्या फोल्डरात 'पायव्हेन्व्ह डॉट सीएफजी' नावाची लहानशी फाइल असते. तिच्यात 'होम' ह्या शब्दापुढे खुंट कोणता ते लिहिलेले असते.

खुंट बदलला तर काय होते? उबुंटूच्या २२.०४ ह्या आवृत्तीबरोबर पायथॉन ३.१० येतो, २४.०४ बरोबर ३.१२. कोणी संपूर्ण प्रणाली अद्ययावत केली, की दुवा आपोआप ३.१२ कडे बोट दाखवू लागतो. तो आपली पॅकेजे ३.१२ च्या कोठारात शोधतो, आणि ती तर ३.१० च्या कोठारात पडलेली असतात. पुन्हा तोच निरोप, 'नो मॉड्यूल नेम्ड'. डिंक्याने खुंट गेला, तर वरच्या फांद्यांना पाणी घालून उपयोग नसतो हे आपल्यापैकी अनेकांनी बागेत पाहिले आहे. फळ देणारे झाड उपटून कोणी दुसऱ्या गावी नेत नाही. डोळ्यांची काडी नेतात आणि तेथील खुंटावर भरतात. 'रिक्वायरमेंट्स'ची यादी ही ती काडी आहे. मित्राला प्रकल्प द्यावयाचा तर यादी द्यावी, चुलीचे फोल्डर देऊ नये. आता 'यूव्ही' नावाचे एक साधन २०२४ पासून आले आहे, ते ही सारी मांडामांड क्षणार्धात करते. पण मांडते ती हीच चूल, आणि तिचा खुंटही असाच कोठेतरी असतो.

विंडोजवर नियम तेच, जागा थोड्या वेगळ्या. तेथे 'बिन'ऐवजी 'स्क्रिप्ट्स' असते. नव्या संगणकावर 'पायथॉन' लिहिले की कधीकधी मायक्रोसॉफ्टचे दुकान उघडते. हाही हजेरीचाच प्रकार. त्या नावाने एक तोतया आधीच बसवून ठेवलेला असतो. पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट केले असता 'रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड' असे उत्तर मिळते, कारण स्क्रिप्ट चालविण्याची बंदी ही तेथील मूळ मांडणी आहे. 'सेट एक्झिक्युशन पॉलिसी' ह्या आज्ञेने ती आपल्या खात्यापुरती 'रिमोट साइन्ड' करावी. शाळेच्या संगणकावर मात्र आधी शिक्षकांना विचारावे. कोणाचा पायथॉन हजर आहे हे पाहण्यासाठी साध्या खिडकीत 'व्हेअर' चालतो, पॉवरशेलमध्ये मात्र त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे 'गेट कमांड' वापरावे. नावाने इतके फसविले जाण्याची मला सवय असूनही ह्या 'व्हेअर'ने माझा एक तास घेतला आहे.

आणखी दोन-तीन तोतये सांगून हे प्रकरण आवरतो. पूर्वी कधी आपणच 'पायथॉन' ह्या शब्दाला टोपणनाव देऊन ठेवले असेल, तर शेल 'पाथ'कडे पाहण्यापूर्वीच ते मानतो. 'टाइप डॅश ए' ही आज्ञा असे सारे हक्कदार ओळीने दाखविते. 'सुडो पिप' लिहिले, की सुडो आपली वेगळी यादी घेऊन चालतो आणि आपली पेटलेली चूल त्याला दिसत नाही. ज्युपिटरच्या वहीत पॅकेज सापडत नाही आणि काळ्या खिडकीत सापडते, तेव्हा वहीचा पायथॉन दुसरा असतो. ह्या सर्वांवर माझी एक सवय आहे. मी नुसते 'पिप' कधी लिहीत नाही. 'पायथॉन डॅश एम पिप' लिहितो. मग जो पायथॉन हजर, त्याचाच पिप, दोघांची फारकत होण्याचा संभव राहत नाही. आणि शंका आलीच तर पायथॉनलाच विचारतो, तुझा 'सिस एक्झिक्युटेबल' कोणता? तो स्वतःचा पत्ता सांगतो.

विद्यार्थ्यांसाठी एक माहिती. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' ह्या नावाने लिनक्स, पायथॉन आदी विषयांवर छोटे पाठ तयार केले आहेत. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौदगल्य ह्यांनी ते काम उभारले. त्यांतील पुष्कळ पाठ मराठीतून ऐकता येतात आणि त्यांना शुल्क नाही. तेथीलच 'फॉसी' प्रकल्पाने पायथॉनच्या शिक्षणासाठी मोठे काम केले आहे. विमानविद्येचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन ह्यांचे नाव त्यात घ्यावे लागेल. म्हणजे आपल्या भाषेत शिकविणारे नाहीत, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. तरी यंत्राचे निरोप इंग्रजीच राहणार आहेत. त्यांतील नेहमीचे दहा-बारा शब्द आपल्या शाळेच्या संगणककक्षात मराठी-हिंदी अर्थासह भिंतीवर लावावे, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे. त्याचा खर्च मी करीन. त्याबरोबर महिन्यातून एका शनिवारी मुलांकडून मुद्दाम चूल बिघडवून घ्यावी. फोल्डराचे नाव बदलावे, 'सोर्स' वगळावा, आणि मग कोण हजर आहे ते त्यांनाच शोधू द्यावे. बिघडविण्याची परवानगी असली, की मुलांना लाल अक्षरांची भीती उरत नाही.

त्या मुलीचे राहिले. रात्री बाराच्या सुमारास तिचा निरोप आला. प्रकल्प चालू झाला होता आणि चौदाव्या ओळीवर पुन्हा थांबला होता. मी मदतीसाठी उत्तर लिहीत असतानाच तिची दुसरी ओळ आली: "काकाजी, हे माही चूक आहे, पँडासची नाही. स्पेलिंग चुकलं. मी पाहून घेते, तुम्ही झोपा."